किशूचा उजवा हात

पप्पांच्या लेखी गिटार हे वाद्यच नव्हतं. पेटी हे वाद्य, तबला हे वाद्य, फार तर व्हायोलिन. गिटार म्हणजे सिनेमातल्या माणसांनी गळ्यात अडकवायची वस्तू. ते अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच होते. दोन्हीकडे त्यांचं काम एकच असावं असं मला लहानपणी वाटायचं: काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते ठरवणं. घरात दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. वारा एमआयडीसीकडून आला की पडवीत वाळत घातलेल्या कपड्यांना औषधाच्या बाटलीसारखा वास लागायचा आणि आई ते पुन्हा पाण्यातून काढायची. रविवारी उपासनेला निघण्याआधी ती मटण मंद आचेवर ठेवून जायची. प्रवचन लांबलं की ती डोळे मिटून बसायची. लोकांना वाटायचं प्रार्थनेत आहे. मला माहीत असायचं, तिला करपल्याचा वास येतोय.

आई मंडळीच्या मुलांना शब्बाथ शाळेत शिकवायची आणि गाणी लिहायची. गाणी लिहिते असं ती कधी म्हणायची नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार ओळी लिहायची, पीठ मळता मळता त्या पुटपुटायची आणि जमल्या की माझ्या मोठ्या भावाला, योहानदादाला हाक मारायची. दादा आयटीआय करून एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागला होता. घरी आला तरी त्याच्या नखांत तेल असायचं आणि केसांत लोखंडाचा बारीक कीस. आईची ओळ ऐकून तो तिथेच, उंबऱ्यावर बसून, चाल लावायचा.

या घरात अमेरिकेतलं घोड्यांचं, कुरणांचं संगीत कसं शिरलं, तर आईच्या भावामुळे. मामा जहाजावर कामाला होता. एका सुट्टीत त्याने कॅसेटींनी भरलेलं बुटाचं एक खोकं आणलं. "याला कंट्री म्हणतात," तो म्हणाला. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "कंट्री? आमच्या नाक्यावर मिळते ती?" आमच्याकडे कंट्री म्हणजे देशी दारू, दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. आम्ही खूप हसलो, पप्पा हसले नाहीत. पण त्या कॅसेटींमध्ये एक वाद्य होतं, जे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नव्हतं, ओल्या फरशीवरून पाय सरकावा तसं घसरत जात होतं. ते ऐकून दादा जेवला नाही. ती स्टील गिटार, मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची. विकत मिळण्यासारखी नव्हती, म्हणून दादाने ती बनवली. जुन्या सागवानी पलंगाची फळी कापून अंग केलं आणि कांडी जेवणाच्या सुट्टीत लेथवर घडवली. आवाज पकडणाऱ्या कॉइलला तांब्याची तार गुंडाळायची होती, त्यासाठी तो उल्हासनगरच्या एका मोटार-वाइंडिंगवाल्याकडे गेला. तिथे शिलाई मशीनची मोटर दुरुस्तीला घेऊन आलेला एक मुलगा काउंटरवर बसून पान्याने डब्यावर ताल धरत होता. तो किशू.

किशूचं खरं नाव किशन. सिंधी कुटुंबातला एकुलता एक मुलगा, वयाने दादाएवढाच. कॅम्प नंबर पाचला त्यांचं दोन मजली घर होतं. खाली राहायचं आणि वर आठ मशीनवर जीन्स शिवल्या जायच्या, मागच्या खिशावर 'मेड इन यूएसए' असा पट्टा लावून. किशूचे ड्रमही तसेच, इथेच कुठेतरी बनलेले आणि अमेरिकेचं नाव सांगणारे. "अपना यूएसए स्टेशन के पीछे है," तो म्हणायचा. पहिल्यांदा आमच्या पडवीत आला तेव्हा त्याने दारातच चप्पल काढली आणि मंडळीतले लोक करतात तसा पप्पांना "सलाम" केला. दादाने शिकवून आणलं होतं. पप्पांनी सलाम घेतला, पण त्याचं पूर्ण नाव विचारलं.

विल्सन बदलापूरहून यायचा, दादाच्या आयटीआयमधला मित्र, साधी गिटार आणि माउथऑर्गन वाजवायचा. त्याच्या चुलतभावाची बास गिटार धूळ खात पडली होती, ती माझ्या वाट्याला आली. मी तेव्हा डी.एड. करत होते. माझी बोटं आखूड आणि बासच्या तारा जाड. पहिले दोन महिने बोटांना फोड होते आणि कॉलेजात मैत्रिणींना मी सांगायचे, भाकरी करताना भाजलं. बँडचं नाव आईने ठेवलं, 'मोहरी'. शुभवर्तमानातला मोहरीचा दाणा, आणि फोडणीतलीही. "तडतडता ना तुम्ही," ती म्हणाली. ते खरंच होतं. दादाची गिटार रडायची आणि किशूचे ड्रम तिला रडू द्यायचे नाहीत. आईच्या ओव्यांसारख्या ओळींखाली तो असा ठेका धरायचा, की पडवीचे पत्रे थरथरायचे आणि शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारायच्या. कधी थांबवायला, कधी पुन्हा वाजवा म्हणून. पहिल्यांदा आम्ही चर्चमध्ये वाजवलं ते नाताळानंतरच्या रविवारी. चौघांनी किशूच्या घरच्या नव्या जीन्स घातल्या होत्या. मीसुद्धा! आई माझ्या पुढे उभी राहून मला पप्पांच्या नजरेपासून झाकत होती.

आज मी बदलापूरजवळ खरवईला चौथ्या मजल्यावर राहते. माझी नात कानात ती पांढरी बटणं घालून गाणी ऐकते, ओठ हलतात, आवाज येत नाही. मी तिला म्हणते, गाणं म्हणजे शेजाऱ्यांना त्रास झाला पाहिजे. तिला वाटतं आजी गंमत करते.

त्या वर्षभरातलं सगळ्यात सुखाचं गाणं आम्ही बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर गायलो. तिथे मंडळीची पाच-सहा घरं होती, भाताची खाचरं होती, पुढे जंगल. हंगामाचा सण होता. वीज गेली आणि ॲम्प्लिफायर मुका झाला. दादा म्हणाला, चला, तसंच वाजवू. खळ्यावर भाताच्या पेंढ्यांवर बसून आम्ही वाजवलं. किशूने ड्रम सोडून पालथ्या घमेल्यावर ठेका धरला. एक म्हातारी दादाच्या अगदी पुढ्यात येऊन बसली आणि त्या फळीला हात लावून म्हणाली, "या लाकूड रडतंय का गातंय, रं?" किशू म्हणाला, "आजी, दोन्ही." मग पाड्यावरच्या बायकांनी आम्हाला त्यांची भातलावणीच्या वेळची गाणी म्हणून दाखवली आणि दादाची कांडी त्यांच्यामागून अशी फिरू लागली, की मला वाटलं मामाच्या खोक्यातलं संगीत इथलंच होतं, फक्त जहाजाने फिरून घरी आलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. किशूच्या घरी सोमवारी मांसमच्छी चालत नसे आणि तो दिवस सोमवार होता. त्याने नुसती भाकरी मिरचीशी खाल्ली आणि कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं, कारण मी त्याच्या शेजारी होते आणि त्याने त्याचा बोंबील गुपचूप माझ्या ताटात सरकवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अंबरनाथच्या मैदानावर तीन दिवसांची संजीवन सभा ठरली. आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्या मिळून. बाहेरून मोठे प्रचारक येणार होते, हजारो माणसं येतील असं बोललं जात होतं आणि शेवटच्या संध्याकाळी 'मोहरी'ने दोन गाणी म्हणायची होती. आईने त्यासाठी हरवलेल्या मेंढराचं गाणं लिहिलं.

नव्व्याण्णव घरी, एक रानात गं,
मेंढपाळ निघाला तिच्या नादात गं.

दादा म्हणाला, हे रूथ म्हणेल. तोपर्यंत मी फक्त मागून सूर द्यायचे. पुढे उभं राहून, एकटीने, मी कधीच गायले नव्हते. त्या दिवसापासून मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, रिक्षात, फक्त तेच गाणं म्हणत होते. एकोणीस वर्षांची होते. रोज मनातल्या मनात मी त्या मैदानावर उभी राहत होते.

सभेच्या दोन आठवडे आधी, रविवारच्या जेवणाला, पप्पांनी रस्सा भातावर ओतून घेतला आणि ताटाकडे बघतच सांगितलं, "कमिटीचं ठरलंय. मंचावर बसणारा प्रत्येक जण विश्वासणारा पाहिजे. बाप्तिस्मा झालेला."

दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे किशू."

"मी नाव नाही घेतलं."

"तुम्ही होतात ना मीटिंगला? काय म्हणालात?"

"मी पंच आहे. मी एकटा काय म्हणणार?"

"काहीच नाही म्हणालात," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ठीक आहे. मग मोहरी वाजवणार नाही."

"नका वाजवू," पप्पा म्हणाले. आईने दादाच्या ताटात आणखी थोडं वाढलं. तो नको म्हणाला नाही आणि जेवलाही नाही. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. कुणी बघितलं असतं तर त्यांना दिसलं असतं, की मला किशूचं वाईट वाटत नव्हतं. मला माझ्या गाण्याचं वाईट वाटत होतं.

दादा किशूला कमिटीचं काही सांगणार नव्हता, सभेचं रद्द झालं एवढंच सांगणार होता. शनिवारी सराव होता, तेव्हा. मी मंगळवारीच गेले. कॉलेज सुटल्यावर रिक्षाने उल्हासनगरला. किशूच्या अम्मांनी मला बघून माझ्या कपाळावरून बोटं फिरवली, हातात शेवयांची वाटी दिली आणि जिना दाखवला. वर आठही मशीन चालू होत्या. किशू जमिनीवर बसून शिवून झालेल्या जीन्सचे लोंबते दोरे कापत होता. मी त्याच्या समोर बसले. बोलायला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. मी कमिटीचं सांगितलं. दादा वाजवणार नाही म्हणतोय, तेही सांगितलं.

त्याने कात्री थांबवली नाही. "योहान पागल आहे," तो म्हणाला. "मेरे लिए क्यों रोकता है? मी बोलतो त्याला."

"तो ऐकणार नाही. तू सांगितलंस तर अजून हट्टाला पेटेल."

"मग?"

हे वाक्य मी रिक्षात तयार केलं होतं. अंबरनाथपासून तिथपर्यंत, प्रत्येक खड्ड्यागणिक. "तू सांग, हात दुखावलाय. वाजवता येत नाही. मग प्रश्नच येणार नाही. कल्याणहून कुणीतरी ड्रमर मिळेल."

तेव्हा त्याची कात्री थांबली. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, जे मला आयुष्यभर ऐकू येत राहील. त्याने एवढंच विचारलं, "कुठला हात सांगू?"

"उजवा," मी म्हणाले.

"हां," तो म्हणाला. "उजवाच पाहिजे. डावा बोललो तर योहान बोलेल, एका हाताने वाजव." आणि हसला. मी शेवया तशाच ठेवून उठले. अम्मांनी त्या डब्यात घालून बरोबर दिल्या.

शनिवारी किशू पडवीत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती. मशीनच्या पट्ट्यात अडकला, म्हणाला. दादाचा चेहरा असा पडला, की जणू त्याचाच हात गेला. आठवडाभर मनात धरून ठेवलेला राग त्याला आता कुठे ठेवावा कळेना. किशू म्हणाला, "बजा यार. मला ठीक व्हायला महिना लागेल. माझ्यासाठी आईचं गाणं कशाला अडवतो?" आई आतून हळद उगाळून, गरम करून घेऊन आली. तिने त्याला स्टुलावर बसवलं, पट्टी सोडली आणि त्या धडधाकट हातावर एकेक बोट धरून लेप लावला. किशू मान खाली घालून बसला होता. हळद कढत असावी, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "थोडंसं." मी बासच्या तारा जुळवत होते. तारा आधीच जुळलेल्या होत्या.

सभेच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. कल्याणहून आलेला ड्रमर नीट, शिस्तीत वाजवत होता. मी पुढे आले. पहिल्या ओळीला माझा आवाज थरथरला, दुसऱ्या ओळीला दादाची स्टील गिटार त्याच्याखाली येऊन उभी राहिली आणि मग मला काही आठवत नाही, फक्त एवढं, की गाणं संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या आणि पप्पांनी चष्मा काढला होता. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. घरी परतताना पप्पा रिक्षात दादाच्या शेजारी बसले होते. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, अंबरनाथ स्टेशनपासून घरापर्यंत काढला नाही. मी एवढी आनंदात होते, की किशूची आठवण मला दुसऱ्या दिवशी दुपारी झाली.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर दादा चर्चमधला केक घेऊन परस्पर उल्हासनगरला गेला. किशू घरी नव्हता, सूत आणायला गेला होता. दादाने अम्मांना विचारलं, हात कसा आहे. अम्मा म्हणाल्या, "कौनसा हाथ, पुट? उसके हाथ को क्या हुआ? रोज तो काम पे बैठता है." त्यांनी त्याला सरबत दिलं. ते पिऊन त्याने केक ठेवला आणि तो परत आला. आम्ही त्याच्यासाठी जेवायचे थांबलो होतो. ताटं मांडलेली होती. तो आत आला आणि सरळ पप्पांसमोर उभा राहिला.

"किशूकडे तुम्ही गेला होतात?"

"मी?" पप्पा म्हणाले. "मी कशाला जाईन?"

"त्याच्या हाताला काही झालेलं नव्हतं. त्याला खोटं बोलायला लावलं कुणीतरी. पंच आहात ना? एवढं तरी खरं बोला."

दादा पप्पांशी असं कधी बोलला नव्हता. पप्पांच्या मानेची शीर उडत होती. न केलेल्या गोष्टीचं उत्तर त्यांना येत नव्हतं. आणि मी भाताचं झाकण हातात धरून उभी होते. किती वेळ? मला विचाराल तर खूप वेळ. मी मनात म्हणत होते, पप्पा, तुम्ही मीटिंगमध्ये गप्प बसलात, आता हे तुम्हीच घ्या. हेही मला इथे लिहिलं पाहिजे. मग आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती बऱ्याच आधीपासून बघत असावी.

"मी गेले होते," मी म्हणाले.

दादा माझ्याकडे वळला. मला वाटलं मारेल, मारावं असंही वाटलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "आपण गात काय होतो, रूथ?" तो म्हणाला. "त्या मैदानावर. तू काय गात होतीस?"

त्या दिवशी कुणीही जेवलं नाही. संध्याकाळी मी आणि आई भांडी आवरत होतो तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "सूज नव्हती गं. हात लावला तेव्हाच कळलं मला." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तिने पातेल्यातला गार झालेला रस्सा ढवळला. "माझं गाणं होतं ना," ती म्हणाली.

दादा किशूकडे पुन्हा गेला, दोनदा, तीनदा. किशू त्याला मिठी मारायचा, चहा पाजायचा, छोड यार म्हणायचा. पण पडवीत आला नाही. कधी शिलाईची घाई, कधी अम्मांची तब्येत. गणपतीच्या सुमारास त्याच्या वडिलांनी त्याला इंदूरला काकांच्या कारखान्यात पाठवलं. तिथेच त्याचं लग्न झालं. बँड त्या दिवशी मोडला असं म्हणता येणार नाही, आम्ही त्यानंतरही चार-दोनदा वाजवलं. पण दादाची गिटार आता नुसतीच रडायची. तिला अडवणारं कुणी नव्हतं. विल्सन दुबईला गेला. दादाने स्टील गिटार पाड्यावरच्या मंडळीला देऊन टाकली आणि पुढे आयुष्यभर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून, सगळ्यांबरोबर, खालच्या सुरात गायला. पप्पा पंच म्हणून राहिले, पण घरात कुठलाही निर्णय सांगताना ताटाकडे बघायचे सोडून दादाकडे बघू लागले. म्हातारपणी ते एकदा त्याला म्हणाले, "तुझी ती फळी कुठे आहे रे? वाजव की कधी." तोवर ती देऊन बारा वर्षं झाली होती.

दादा माझ्याशी कधी वाईट वागला नाही. माझ्या लग्नात धावपळ त्याने केली, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला त्याने हातात धरलं. बदलापूरच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात आधी तो पेढे घेऊन आला. पण माझ्यासमोर तो कधी गुणगुणला नाही. मी खोलीत आले की त्याचं गुणगुणणं थांबायचं, मुद्दाम नाही, पाखरू थांबतं तसं. एकदाच, आई गेली त्या वर्षी, मी त्याला म्हणाले, "दादा, मला माफ कर." तो खिडकी पुसत होता. "माझ्याकडे नाही मागायची ती," तो म्हणाला. "तुला पत्ता पाहिजे का? माझ्याकडे आहे." त्याने खरोखर चिठ्ठीवर लिहून दिला. किशूची आणि त्याची पत्रापत्री चालू होती, हे मला तेव्हा कळलं. ती चिठ्ठी माझ्या बायबलमध्ये अनेक वर्षं होती. इंदूर काही पृथ्वीच्या टोकाला नाही. मी दोनदा सहलीला मुलांना घेऊन त्या बाजूला गेले. गेले नाही त्याच्याकडे. माणूस एक चूक करतो ती एका दुपारी होते. ती निस्तरायची नाही, हे मात्र रोज सकाळी उठून नव्याने ठरवावं लागतं, आणि मी ते ठरवत राहिले.

दादा गेल्या पावसाळ्याआधी गेला. छातीचं दुखणं होतं, फार दिवस चाललं नाही. अंबरनाथच्या दफनभूमीत सकाळी अकराला अंत्यविधी झाला. ऊन कडक होतं. पाळकांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली. गर्दी पांगायला लागली तेव्हा माझा भाचा, दादाचा मुलगा, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून माझ्याकडे आला. पांढरा शर्ट, जाड चष्मा, कानात मशीन. "आत्या, हे किशनकाका. पप्पांचे मित्र. आता मुलाकडे उल्हासनगरलाच असतात."

त्याने मला "सलाम" केला. मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि चाळीस वर्षं न बोललेलं वाक्य बोलायला लागले, हळू आवाजात, जसं अशा जागी बोलतात. तो वाकला. कानातलं यंत्र शिट्टी वाजवत होतं. त्याने ते काढून खिशात टाकलं आणि मोठ्याने म्हणाला, "जोर से बोल, रूथ! मशीनों ने कान खा लिए!"

लोक वळून बघायला लागले. मी जरा मोठ्याने म्हणाले. त्याने मान हलवली. नाही. मग मी त्या दफनभूमीत, पाळक, भाचा, वहिनी, मंडळीतले नवे-जुने लोक, सगळ्यांसमोर ओरडले, "मी तुला खोटं बोलायला लावलं, किशू! माझ्या गाण्यासाठी! मला माफ कर!"

सगळं थांबलं. फावडं घेऊन माती सारखी करणारा माणूससुद्धा थांबला. वहिनी माझ्याकडे बघत होती. दादाने तिला कधी सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. किशूने माझा हात सोडला नाही. बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने, तो म्हणाला, "वो तो मला माहितेच आहे! तूच तर आली होतीस सांगायला!" मग थोडा जवळ आला. "माफी छोड. एक गोष्ट सांग मला. उस दिन गाना कैसा हुआ था? मैं योहान को हर चिट्ठी में पूछता था. तो सगळं लिहायचा, वो नहीं लिखता था. मला कुणी सांगितलंच नाही."

मला खोटं बोलता आलं असतं. वाईट झालं, तुझ्याशिवाय जमलंच नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते ऐकायला गोडही वाटलं असतं. पण त्या माणसाशी मी एकदा खोटेपणा केला होता.

"चांगलं झालं होतं," मी म्हणाले.

"क्या?"

"चांगलं झालं होतं, किशू! खूप चांगलं! लोक रडले! दोनदा म्हणायला लावलं!"

त्याने डोळे मिटले. मग मान हलवली आणि दादाच्या मातीकडे बघून, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "हां. होना ही था. अपना गाना था."

अपना, म्हणाला तो. मी नीट ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत.